शोभाताईंची पेडगावची सहल

पैठणला काय बघितलंत, असं शोभाताईंना विचारा. जेवणाच्या हॉलचा मागचा दरवाजा, असं खरं उत्तर येईल. दौलताबादला? पायथा. बाकीच्या बायका धापा टाकत वर गेल्या आणि ह्या खाली चोवीस पर्सा सांभाळत बसल्या. नेवाशाला तर ज्ञानेश्वरांचा खांब ह्यांच्या अगदी पाठीशी होता म्हणे, पण तोंड बसकडे! ड्रायव्हर कुठे उलथला ते बघायला नको?

सावेडीच्या महिला मंडळाच्या एका दिवसाच्या सहली शोभाताई चौदा वर्षं आखतायत. शाळेच्या ऑफिसात जन्म गेला, त्यामुळे यादी कशी, मोत्याच्या ओळीसारखी. पहिल्या वर्षी काय तो उत्साह! "अगं बायांनो, आपलं नगर म्हणजे निजामशाहीची राजधानी. दोन-तीन तासांवर चहूकडे जुनी गावं. सकाळी निघायचं, दिवेलागणीला घरी!" आता उत्साह आटला आणि यादी तेवढी राहिली. कुणाला बस लागते, कुणाची चतुर्थी आहे, आणि मुख्य म्हणजे वाटेत स्वच्छ बाथरूम कुठे आहे. इतिहास गेला खड्ड्यात.

यंदा मात्र त्यांना पेडगावला जायचं होतं. येत्या फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, मग सहा महिने पुण्याला लेकीकडे. पुढे हा पाय कुठवर नेईल कुणास ठाऊक. भीमेकाठच्या किल्ल्यात लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ आहे. शाळेच्या कॅलेंडरवर त्याच्या खांबांचा फोटो होता डिसेंबरच्या पानावर, तर बाईंनी तो डिसेंबर पुढच्या जूनपर्यंत भिंतीवरून उतरवला नव्हता!

मंडळाच्या मीटिंगमध्ये त्यांनी नाव काढलं मात्र, मधुवंतीताईंच्या नाकातून चहा आला.

"पेडगाव? वेड पांघरून, शोभाताई? अहो, तिथे घ्यायचं काय?"

"घ्यायचं नाही. बघायचं."

"मग मोबाईलवर दाखवते की सगळ्यांना, इथल्या इथे!"

हात वर झाले ते पैठणसाठी. पाचव्यांदा. कपाटात पैठण्या मावत नाहीत, पण हौस मावते बायकांची.

भांडायलाही अंगात जीव लागतो. शोभाताईंनी गुमान पैठणची सहल आखली, आणि आदल्या संध्याकाळी मधुवंतीताईंना फोन केला. "गुडघ्यानं उठवत नाहीये हो. यादी, ड्रायव्हरचा नंबर, सगळं पाठवलंय. उद्या तुम्हीच सांभाळा." गुडघा दुखत होताच, म्हणजे थाप अर्धीच.

सकाळी त्यांचे यजमान, यज्ञेश्वरराव, पेपरातून डोकावले. "सहलीला जात नाहीस ना? मग हा डबा कुणाचा?"

"माझा. पेडगावला चाललेय."

"वेड लागलंय का?"

"पांघरलंय," म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्यासुद्धा.

माळीवाड्याहून एसटीनं श्रीगोंदा, तिथून जीप. जीपमध्ये कोंबून बसल्या तरी फोन काही सुटेना. "शोभाताई, जेवणात चपाती सांगू की भाकरी?" "चपाती. मागे भाकरीवरून दोघी रुसल्यात." "पुढच्या सीटवर कुणाला बसवू?" "जिला उलटी होते तिला." बाई पेडगावच्या वाटेवर, आणि सहल पैठणची चालवतायत!

किल्ल्यात बाभळी माजलेल्या. पाय ओढत ओढत देवळाशी पोचेस्तोवर गुडघा भोपळ्यासारखा सुजला. तिथे शेळ्या चारणाऱ्या एक आजीबाई होत्या, छबूबाई नावाच्या.

"येकल्याच आलाय व्हय? बाकीची मानसं?"

"पैठणला गेलीत."

"आन् तुमी हिकडं? वाट चुकलात काय?"

"नाही हो. मुद्दाम आले."

आधी जरा टेकू, मग निवांत बघू, असं म्हणून शोभाताई एका खांबाला पाठ लावून बसल्या. गार दगड, आणि कुणी हाक मारणारं नाही. कसल्या मूर्ती नि कसलं काय! बाई चक्क घोरायला लागल्या.

जाग आली ती फोननं. दोन वाजून गेलेले. मधुवंतीताई रडकुंडीला आल्या होत्या. "शोभाताई, एक बाई हरवली हो! सकाळी मोजायचं राहिलंच, ते तुमचं काम ना! आता मोजतोय तर तेवीस. यादीत चोवीस. दोघींना घाटावर पाठवलंय, दोघी बाजारात शोधतायत..."

"नावं घेतलीत?"

"यादी न बघता, तोंडपाठच. सगळ्या ओ देतायत, तरी एक कमी!"

"पहिल्यापासून घ्या बरं. मोठ्यानं."

"एक नंबर, शोभा..." तिकडे यादी तिथेच अडली. इकडे नेमकी शेळी ओरडली. "अहो, तुमच्या घरात शेळी?"

शोभाताईंना आणखी एक थाप सुचली असती, पण कंटाळा आला होता. "मी पेडगावला आहे."

आता मधुवंतीताई तोफ डागणार, म्हणून त्यांनी फोन कानापासून लांब धरला. तोफ काही उडाली नाही.

"एकट्याच?"

"हो."

"कसं आहे हो?"

"बघितलंच नाही अजून. झोपले होते."

मधुवंतीताई म्हणाल्या, "मग बघा की आता. येताना चहाला कुठे थांबायचं ते आमचं आम्ही ठरवतो. फोन नाही करत." आणि खरंच ठेवला.

छबूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "फोटू काढाया लई येत्यात पोरं. डबा घिऊन निजाया आल्याली तुमीच पयल्या! ऊन उतरलं की शेवटची जीप हाय बरं का. निघायचं तर आत्ताच निघा, त्यो पाय काय पळू द्यायचा न्हाई तुमाला."

शोभाताईंनी देवळाकडे पाहिलं. सगळं फिरून होणार नव्हतंच. एखादी बाजू झाली असती.

"हात द्या हो जरा उठायला," त्या म्हणाल्या.

"जीपला जायचं?"

"नाही. ह्या खांबाच्या पलीकडे काय आहे, तेवढं बघू द्या."