हिरडीवरचा उंचवटा

लवंगाच्या तेलाचा वास आला की मला बीडच्या स्टँडसमोरचा तो दातांचा दवाखाना आठवतो. मी बारा वर्षांची होते. बाकीचे दात कधीच बदलले होते, वरचा उजवा दुधाचा सुळा मात्र हलायलाही तयार नव्हता, म्हणून आई मला चकलांब्याहून एसटीनं घेऊन आली होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “नवा सुळा यायच्या आधी इथं वर उंचवटा लागतो. हिला लागत नाही.” मग त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. माझा नवा सुळा आत टाळूत आडवा पडला होता. आई बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “बाई, वर डोळ्यात तर न्हाई ना जायाचा?” बाई हसल्या. हिरडी उघडून, तार बांधून तो खाली ओढता येतो, असं त्यांनी सांगितलं, पण माझ्या कानात आईचाच प्रश्न राहिला. “काई न्हाई, भिऊ नको,” म्हणत तिनं माझा हात धरला, तर तिचा तळवा घामानं ओला होता. परतीच्या एसटीत मी एकेक डोळा झाकून रस्त्याकडेच्या बाभळी दिसतात का ते बघत होते. तो सुळा पुढं रीतसर खाली आला, आज जागेवर आहे. काल माझ्या दहा वर्षांच्या लेकीच्या हिरडीवरून मी सहज बोट फिरवलं. डावीकडं उंचवटा लागला, उजवीकडं बोट नुसतं सपाट फिरत राहिलं. “काय झालं, आई?” तिनं विचारलं. “काई न्हाई, भिऊ नको,” मी म्हणाले, आणि तिचा हात धरायच्या आधी माझा तळवा ओढणीला पुसून घेतला.