पत्रकातली तिसरी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि सांगतोय ते माफीसाठी नाही, एवढं आधीच लिहून ठेवतो.

मी ताडकळसला गणित शिकवतो. आकड्यात चुकत नाही, असा माझा लौकिक. दोन उन्हाळ्यांपूर्वी परभणीहून एक संशोधक बाई आल्या. शेतात राबणाऱ्या बायकांच्या छातीवर आठ दिवस एक पट्टी लावायची. उन्हात काळजाचे ठोके किती वाढतात ते ती टिपणार. पट्टीखाली खरवसासारखा मऊ थर — घामातही कातडीला धरून राहणारा. बारा बायका देतो, असा मी शब्द दिला. झाल्या अकरा.

बारावी कोण? माझ्या थोरल्या भावाची बायको — वैनी. आम्ही लिंगायत, घरात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग. अंडंसुद्धा उंबऱ्याआत येत नाही. त्या दिवशी वैनींचा चष्मा घरी राहिला होता. संमतीचं पत्रक माझ्याच हातात देत म्हणाल्या, "तुमीच वाचा भावजी. एरवी तर पाढे सोडून काई बोलत न्हाई तुमी."

मी वाचलं. तिसरी ओळ सोडून.

तिथं स्वच्छ लिहिलं होतं — हा थर जनावरांच्या कातड्यातून काढलेल्या प्रथिनाचा आहे. त्या बाईंनी काहीच लपवलं नव्हतं. लपवलं मी.

नजरचुकीनं सुटली म्हणू? तेही नाही. वैनींनी विचारलं होतं, "ह्याच्यात जनावराचं काई न्हाई ना?"

"न्हाई वैनी. रेशमाचं हाय."

"मंग चालतंय. पूजेलाबी रेशीम नेसतोच की."

आठही दिवस आंघोळ, पूजा उरकून वैनी गळ्यातल्या लिंगाशेजारी ती पट्टी नीट बसवत होत्या. सगळ्यांत चोख नोंदी त्यांच्याच आल्या. मी खूश झालो — बारा भरले होते ना?

विज्ञानासाठी केलं, असं माझ्या वतीनं कुणी म्हणू नका. पट्टी चांगलीच आहे. तिच्यावर राग काढाल तर मी आडवा येईन. आणि 'कातडीलाच लागलं, पोटात थोडंच गेलं' हेही नको. ते ठरवणं वैनींचं होतं. मला अकरा सांगायची लाज वाटली. बस्स.

वैनी आता चष्म्याशिवाय कुठला कागद हातात घेत नाहीत. मी लिहिलेला हा कागदही वाचतील.

वैनी, तुम्ही विचारलं होतं. जनावराचंच होतं. मला ठाऊक होतं.