रघू आचाऱ्याची भट्टी

वैशाखरे गावच्या रघूला तेल तापलं का हे वाकून बघावं लागत नसे. भट्टीपासून चार पावलं लांब, कुणाशी तरी गप्पा मारत उभा असला तरी मध्येच म्हणायचा, "सोडा आता." आणि पहिला घाणा पडायचा तो बरोब्बर. मामाच्या हाताखाली शिकलेलं काम. टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत कुठंही लग्न निघालं की तारखेआधी रघू आचारी मोकळा आहे का, याची चौकशी व्हायची. वालाचं बिरडं तो झकास करी, पण नाव झालं ते बुंदीनं. कढईवर झारा धरून तो अशा ठेक्यात ठोकायचा की बायका मांडवातलं काम टाकून बघायला यायच्या. आचारी म्हणून चाळीस वर्षं गेली, आणि त्याला कधी वाटलं नाय की आपण दुसरं काही करायला हवं होतं.

पासष्टी उलटली तेव्हा लघवीचा त्रास सुरू झाला. वयानं होतं म्हणून त्यानं अंगावर काढलं. मग पाठ धरली, भाताची रोपं लावायला, आवणीला, वाकता येईना, तेव्हा मुलानं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडापर्यंत गेलेला. डॉक्टरीणबाईंनी दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. पुरुषाच्या अंगातल्या ज्या हार्मोनवर ती गाठ पोसते, तेच त्या इंजेक्शनानं आटतं.

पाठीचं दुखणं उतरलं. दीड वर्ष बरं गेलं म्हणायचं. पण बसल्या जागी छातीतून गरम वाफ चढायची नि सदरा भिजून जायचा. दंड वाळले, पोट सुटलं. धोंडूबाई, त्याची बायको, शेजारी बसून पदरानं वारा घालायची. एवढी जवळ बसलेली बाई, आणि आपल्या अंगातून तिच्यासाठी कसलीच हाक उठत नाय, याचं त्याला वाईट वाटायचं. तिला ते कळत होतं. ती वारा घालत राही.

मग रक्ताच्या तपासणीत पीएसएचा, म्हणजे या कॅन्सरचा माग दाखवणारा, आकडा पुन्हा वर गेला. नात कुणाली मुरबाडला फार्मसी शिकत होती. तिनं मोबाइलवर काय काय वाचलं नि संध्याकाळी घरात सांगून टाकलं.

"आजा, ह्या कॅन्सरला चरबी लागते. चरबीतूनच त्याला वाढायचे निरोप मिळतात. आजपासून तुझं तेल बंद. नि लग्नाची कामं पण नाय घ्यायची, त्या धुरात तेलच असतं."

पोरगी मायेनं बोलत होती. रघूनं मान डोलावली. धोंडूबाईनं तेलाचा डबा माळ्यावर टाकला, घरात उकडलेलं शिजू लागलं. रघूला त्याचं काही नव्हतं. त्याला खात होती वेगळीच गोष्ट. एकदा तो बायकोला म्हणाला, "चाळीस वर्सं गावाला तेल चारलं गो. त्या तेलानंच धरला असंल मला. आनी मी किती जनांच्या पोटात घातलं?"

लगीनसराई आली. दोन घरांनी विचारलं, त्यानं नाय म्हणून सांगितलं. वाऱ्याबरोबर कुठून तरी फोडणीचा वास यायचा, तेव्हा तो ओट्यावर येऊन उभा राहायचा. लसूण जरा जास्त झाला, डाळ अजून घालायची होती, असं मनाशी म्हणायचा. पानं मांडायच्या वेळी "आचारी, आचारी" अशी चहूकडून होणारी हाक त्याला आठवायची नि घर एकदम सुनं वाटायचं.

पुढच्या तपासणीला त्यानं स्वतःच विचारलं. "बाई, खरं सांगा. हे माज्या कढईनं झालं का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही बाबा. कढईतलं तेल उठून गाठीत जात नाही. ही पेशी आपली चरबी आपणच आत तयार करते. तिची भिंतच चरबीची असते. त्या भिंतीतले बारीक कण सुटतात नि आत निरोप देतात, वाढ, मरू नकोस. आपण हार्मोन तोडलं, तर तिनं ही दुसरी वाट धरली. कोलेस्टेरॉलपासून थोडं हार्मोनही ती स्वतःच बनवायला शिकली. ते बनणं रोखणारी गोळी आता देते. बाकीच्या निरोपांवरची औषधं अजून शोधतायत."

"मंग तेल?"

"या इंजेक्शनानं वजन वाढतं, हृदयाला जपायचं, म्हणून रोज तळलेलं नको. पण स्वयंपाक केल्यानं तुम्हाला हे झालं नाही. आणि तुमच्या हातचं जेवून दुसऱ्या कुणालाही नाही."

कुणाली शेजारीच होती. तिचे डोळे भरले. "चुकलं आजा."

"चुकलं काय त्यात? तू वाचलंस तरी," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी आळीतल्या राहीचं लग्न होतं. रघू आपण होऊन गेला. भट्टी पेटवली, पीठ सारखं केलं, पाक बोटावर धरून पाहिला. पहिला घाणा त्यानं सोडला तो सुरेख उतरला. दुसऱ्याला अंगातली वाफ उसळली. पुढं जाळ, आत जाळ. डोळ्यांपुढं अंधारी आली नि झारा दंडाला पेलेना. माणसांनी धरून त्याला आंब्याखाली खुर्चीवर बसवलं.

पीठ तसंच राहिलं होतं. धोंडूबाई उठली, तिनं पदर खोचला नि झारा हातात घेतला. जन्मात ती भट्टीवर उभी राहिली नव्हती.

"हलक्या हातानं गो. मनगटातून," रघू खुर्चीवरून ओरडला. "आता थांब. आता सोड."

बुंदी थोडी चपटी पडली. कुणी नावं ठेवली नायत. रघू आपले रिकामे हात गुडघ्यावर ठेवून बघत बसला होता. बंदी उठली होती, पण भट्टी काय परत मिळाली नाय, हे त्याला तिथंच उमगलं.

गोळी लागू पडली. आकडा खाली आला, अजून तरी खालीच आहे. डॉक्टरीणबाई पुढचं काही छातीठोक सांगत नाहीत. लग्नाला आता शहरातून जेवणवाले येतात. त्यांचा टेम्पो उतरताना दिसला की रघू काठी घेऊन जातो, मांडवामागं उभा राहतो. त्याला तिथं ओळखत नाही कोणी.

परवा धोंडूबाईनं विचारलं, "आवो, कशाला जाता तिकडं उन्हातान्हाचं?"

"वास घ्यायला," तो म्हणाला.

मग ती पण त्याच्याबरोबर निघाली.