आप्पांचे टेकू

आप्पा सुतळीचं बंडल काखोटीला मारून उभे होते आणि माझ्या ट्रायलमधली सूर्यफुलं एकेक करून वर बांधत होते. मी बांधावरूनच ओरडले, "आप्पा, हे काय चाललंय?"

"मॅडम, तुम्हनं बी बिमार शे," आप्पा म्हणाले. "दखा, समदा मुंड्या खाले घाली ऱ्हायनात. पण फिकर करू नका, मी शे ना!"

शहाद्याजवळ तापीकाठी आप्पांची शेती. हयात केळीत गेलेली. घड लोंबला की झाड मोडू नये म्हणून बांबूचा टेकू द्यायचा, हे हाडामांसात भिनलेलं. त्याच मायेनं त्यांनी बारापैकी सहा ओळींत केळीचे बांबू रोवून, आडवी सुतळी ताणून फुलं आभाळाकडे तोंड करून बांधली होती. काम इतकं नीट की रागावताही येईना.

मी बियाण्याच्या कंपनीत फील्ड ऑफिसर. आदल्या वर्षी आप्पांचं सूर्यफूल पोपटांनी फस्त केलं होतं. त्यांच्या बायकोला, काकूंना, घरच्या तेलाशिवाय चालत नाही, म्हणून ते लावायचे. पण पेरतानाच त्यांनी बजावलं होतं, "यंदा बी पोपटेस्नी खाई टाकं, ते मी परत लावाव नही."

म्हणून तर हा वाण दिला. याचं तबक, म्हणजे फुलाची दाणे धरणारी गोल थाळी, दाणा भरू लागला की जमिनीकडे तोंड करतं. पोपट पाठीवर बसला तरी दाणा खालच्या अंगाला, चोच पोचत नाही. हे पेरणीच्या वेळी मी समजावलं होतं का? नव्हतं. 'पोपटांना हा वाण जमत नाही,' एवढं सांगून मी गाडीत बसले होते.

ऑफिसातल्या माझ्या सरांना फोन लावला.

"ट्रायल कॅन्सल कर," ते म्हणाले.

"सर, सुतळ्या सोडते ना."

"दाणा भरतोय. हिसका बसला तर माना मोडतील. राहू दे आता."

आप्पांना म्हटलं, बांधलेली राहू द्या, पण उरलेल्या सहा ओळींना हात लावू नका. आजारी पीक तसंच सोडायचं, हे त्यांना काही पटेना. तरी शब्द दिला.

आठ दिवसांनी सकाळीच फोन आला. "मॅडम, पोपट उनात! लवकर या!" पोपट आलेत म्हटल्यावर मी तशीच गाडी काढली.

पोचले तर टेकूवाल्या ओळींत पोपटांची पंगत बसलेली. सुतळीवर बसून आरामात जेवण चाललेलं. शेजारच्या ओळीत एक पोपट तबकाच्या पाठीवर उतरला, घसरला, पंख फडफडवत त्यानं वाकून बघितलं आणि चिडून उडून गेला. आप्पा बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसत होते.

"मी ज्यास्ले टेकू दिना त्या खवाई ग्यात! ज्या बिमार व्हत्यात त्या साबूत शेतस!"

मीही त्यांच्या शेजारी बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. इतका आनंद मला प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

मी पाठवलेले फोटो बघून सर म्हणाले, "एकच वाण, एकच शेत, फक्त तोंडाची दिशा वेगळी. अशी ट्रायल आपल्याला सुचली नसती."

न बांधलेल्या ओळींत कडेचे थोडे दाणे गेले, पण त्या सहा ओळींचं तेल काकूंच्या घरात आलं. पुढच्या हंगामाचं बियाणं आप्पांनी स्वतःहून मागितलं.

तेव्हापासून मी वाण देताना त्याच्या खोडी आधी सांगते. नाहीतर चांगला शेतकरी त्याला बरा करून सोडतो.