तोरण्याच्या कुशीत ठेवलेली सूर्याची पेटी

तोरण्याला कधी जावं, असं नातीच्या मैत्रिणी विचारतात. मी म्हणतो, कधीही जा, फक्त कुणा सरांच्या कामाला जाऊ नका. मी गेलो होतो, १९५६च्या फेब्रुवारीत. सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत आली आणि सर म्हणाले, "नीघ. पेटी घेऊन ये."

पेटीत काळ्या कागदात गुंडाळलेल्या, फोटोसारखा लेप दिलेल्या काचा होत्या. सूर्यावर स्फोट झाला की धक्क्याची लाट सुटते आणि विजेचा भार असलेले कण तिच्या तावडीत सापडतात. पुढून कुत्रा, मागून काठी, अशी मेंढरासारखी त्यांची गत होते. प्रत्येक हेलपाट्याला वेग वाढत जातो, तो थेट उजेडाच्या वेगाजवळ. (हे पुढे कळलं, तेव्हा नुसते तर्क होते.) असा कण काचेतून गेला की काच धुतल्यावर बारीक रेघ दिसते. उंचावर रेघा जास्त मिळतात, म्हणून दिवाळीनंतर सरांनी आणि मी पेटी तोरण्याच्या कुशीतल्या एका धनगरवाड्यावर ठेवली होती. रेघा मिळाल्या तर माझी संशोधनाची जागा पक्की, नाहीतर काकांचं कापडाचं दुकान होतंच.

नसरापूरपर्यंत एसटी मिळाली. तिथे पोटभर खाऊन घ्या, पुढे तेव्हा वेल्ह्यापर्यंत काही मिळत नसे. मार्गासनीवरून वेल्ह्याला मी बैलगाडीने गेलो. आता डांबरी रस्ता आहे, तुमची हाडं शाबूत राहतील. वेल्ह्यात नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं खाल्लं. तसं पिठलं पुन्हा मिळालं नाही.

सकाळी वाड्यावर चढलो. पेटी जिच्या माळ्यावर होती ती ठकूमावशी दारातच भेटली.

"या मास्तर. पेटी झ्याक हाय बगा. रथसप्तमीला म्या उघडून उनात ठिवली. हळदकुकू लावलं, दूध उतू घातलं."

"उघडली? आतला कागदपण?"

"व्हय तर! नीट ऊन लागाया नगं? तुमचं सायबच म्हनलं न्हवं, सूर्याची पेटी हाय. मग सनाच्या दिशी सूर्याला दावायची न्हाई व्हय?"

पेटी ठेवताना मी तिला समजावायला लागलो होतो, तर सरांनी मला गप्प केलं होतं. "यांना काय कळणार? सूर्याची पेटी म्हण आणि चल." उजेड लागू देऊ नका, एवढंच तर सांगायचं होतं. विरजण लावलेलं भांडं हलवायचं नसतं हे जिला कळतं, तिला तेही कळलं असतं.

"घावलं का मग सूर्याचं काय त्यात?" निघताना तिने विचारलं.

"लई घावलं, मावशी," मी म्हणालो. तिने खुशीने तुपाची लोटी हातात दिली. ती उतरताना मला पेटीपेक्षा जड वाटली.

पुण्यात काचा धुतल्या. सगळ्या काळ्याकुट्ट. सर म्हणाले, "अडाणी लोक!" आणि जागा दुसऱ्याला दिली. मी दुकानात बसलो. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो ठकूमावशीवर कधीच नव्हता.

बऱ्याच वर्षांनी सरांच्या सत्कारासाठी शाल घ्यायला त्यांचे विद्यार्थी माझ्याच दुकानात आले. "जरा चांगली दाखवा, सरांनी सूर्यावर फार मोठं काम केलंय."

मी चांगलीच दाखवली. म्हणालो, "इथे नका बघू. बाहेर नेऊन उन्हात नीट उघडून बघा."