वांगी रंगाची खोली

आत्या गेली त्या दिवशी घराला रंग द्यायला माणसं आली होती. त्यांनी डबे ओट्यावर ठेवले आणि ती परत गेली.

आत्याच्या धाकट्या मुलाचं, सुनीलचं, लग्न ठरलं होतं. दौंडमधलं ते घर तेव्हा बाहेरून पिवळट आणि आतून पांढरं होतं. फक्त आत्या-मामांची खोली गडद, काळ्याकडे झुकलेल्या जांभळ्या रंगाची होती. छतसुद्धा तसंच. आत्या त्या रंगाला वांगी म्हणायची.

मामा म्हणजे आत्याचे यजमान, मालगाडीचे ड्रायव्हर. रात्री गाडीवर जायचे, सकाळी येऊन झोपायचे. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पांढऱ्या भिंतींवरून ऊन डोळ्यांवर यायचं आणि ते कूस बदलत पडायचे. स्वतःचं घर झाल्यावर आत्यानं पहिली ही खोली रंगवून घेतली. "डोळा लागायचा तर हितं लागू दे," ती म्हणायची, "इंजनावर नको."

रंगाच्या दुकानदारानं आधी फिकट जांभळा दिला होता. काकू चुकून बोलल्या असतील, असं त्याला वाटलं. आत्या माहेराहून, कवठे येमाईहून, आलेलं एक वांगं पिशवीत घालून पुन्हा दुकानात गेली.

"काकू, खोली रंगवायचीय का भरीत करायचंय?"

"तू रंग दे. भरीत खायला घरी ये."

माझे वडील ती खोली पाहून म्हणाले, "ताई, अंधारकोठडी केलीस की."

"व्हय. आन् कैदी बघ कसा घोरतोय."

कॉलेजसाठी मी त्या घरात राहिलो. तिथं कुकरची शिट्टी कधी झाली नाही. शिट्टी हलू लागली की आत्या गॅस बारीक करायची, भात मऊ होवो की कच्चा राहो. दुपारी आम्ही खुणांनी बोलायचो. मामांना उठवायची वेळ झाली की ती दिवा न लावता आत जायची, तळहात भिंतीवर टेकवत, पलंगापर्यंत. रोज तोच हात, तीच भिंत. गडद रंगावर तिथं एक चकाकता पट्टा उमटला होता. मामा निवृत्त झाले, रात्री झोपू लागले, तरी ती तशीच चाचपत आत जायची. "सवय हाय," म्हणायची.

लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलं, म्हणून तेराव्यानंतर रंगारी परत आले. मीही गेलो होतो. सगळं घर बदामी करायचं होतं. एक जण पॉलिश पेपर घेऊन त्या खोलीत शिरला, तेव्हा मामा पलंगावर बसले होते.

"हितं न्हाई," ते म्हणाले.

सुनील दारात आला. "आप्पा, पाव्हणे येणार. आन् आता तुम्हाला रातपाळी कुठंय?"

मामा उठले. दारापाशी जाऊन त्यांनी त्या पट्ट्यावर हात ठेवला. "ही जागा घासली तर तुझी आई कुठनं आत यायची?"

सुनीलनं रंगाऱ्याला हातानं बाहेर बोलावलं, खुणेनंच.

घर आता बदामी आहे. ती खोली वांगीच आहे. दुपारी मामा तिथं पडतात. कुकरची शिट्टी होते.