रिकामी गाडी सरळच चालते

माझं पोस्टिंग नागपूरला आलं तेव्हा फौजेतल्या नोकरीची सतरा वर्षं झाली होती. मी हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. वर्कशॉप लहान होतं. दोन शेड, गाडीखाली उतरायला एक पिट, आठ माणसं. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर पाना हातात धरवत नसे. मी मूळचा वर्ध्याकडचा, घराजवळ आलो म्हणून खूश व्हायला हवं होतं. खरं सांगायचं तर तोवर मी दमलो होतो. पुढचा हुद्दा घ्यायचा, नायब सुबेदार व्हायचं आणि घरी जायचं, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी सहाला पीटी, साडेसातला हजेरीचा फॉल-इन, आठला काम. वर्कशॉपचा एक नियम होता. गाडी आत येताना धुतलेली आणि रिकामी पाहिजे. पेट्या, ताडपत्र्या, सगळं सामान युनिटमध्येच उतरवून यायचं, म्हणजे काही हरवलं तर आमच्या गळ्यात येत नाही. गेटवरची ती पाटी मीच रंगवून घेतली होती.

लान्स नायक रामटेके आमचा डिस्पॅच रायडर, म्हणजे डीआर. रोज मोटरसायकलवरून डाक पोचवायचा. वय चोवीस, घर नागपुरातच सक्करदऱ्याला, तोंडाने फटकळ. मार्चमधल्या एका सोमवारी आठ वाजून दहा मिनिटांनी तो गाडी घेऊन आला.

"उस्ताद, गाडी डावीकडे ओढून राहिली."

"काहून? कुठं ठोकली का?"

"नाही जी. रिकामी असली का काही नाही. डाकेची पेटी लावली का ओढते. हँडल उजवीकडे दाबून धरा लागते."

डाकेची लोखंडी पेटी गाडीच्या डाव्या बाजूला लावलेली असे. मी म्हणालो, "एका बाजूला वजन टाकशील तर ओढणारच गा."

"पेटी दोन वर्षांपासून आहे, उस्ताद. ओढणं पंधरा दिवसांचं आहे."

इथे मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. नेहमीची तपासणी मात्र पूर्ण केली, त्यात कसूर नव्हती. दोन्ही टायरची हवा पाहिली. पुढचे दोन्ही फोर्क सारखे दबतात का पाहिलं. हँडलचं बेअरिंग ढिलं नव्हतं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली. दोन्ही चाकं एका रेषेत होती. मग मी स्वतः गाडी बाहेर काढली आणि सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाला हँडल सोडून पाहिलं. गाडी नाकासमोर चालली.

"पेटी आणून लावतो. एक चक्कर मारून पाहा ना, उस्ताद."

"गेटवरची पाटी वाचता येते ना तुले? गाडी चांगली आहे. तुहाच खांदा वाकडा असंल. जाय."

तो हसला. मी जॉब कार्डावर लिहिलं, 'टेस्टेड, नो डिफेक्ट', आणि सही केली. पेटी आणून लावायला दहा मिनिटं लागली असती. मला कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नव्हतं.

गुरुवारी अकरा चाळीसला फोन वाजला.

"सावनेर रोड. डीआर डाउन. रिकव्हरी भेजो."

बंद पडलेली वाहनं ओढून आणायची रिकव्हरी गाडी घेऊन मी गेलो. रस्ता सरळ होता, कोरडा होता, समोरून कुणी आलेलं नव्हतं. मोटरसायकल डावीकडे उतरून पुलियाच्या कठड्याला धडकली होती. रामटेकेला दवाखान्यात नेलं होतं. तो वाटेतच गेला, हे मला परत आल्यावर कळलं. डाकेची पेटी कुलूपबंद होती. आतला एक कागदही इकडचा तिकडे झाला नव्हता.

संध्याकाळी शेडमध्ये मी गाडी उघडली. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं, त्यातला डावा दांडा वेल्डिंगपाशी तुटला होता. तुटलेलं तोंड मी उजेडात धरलं. अर्धा धातू नवा, चकचकीत. अर्धा गंजलेला, आणि त्या गंजावर आमचा हिरवा रंग झिरपलेला. आदल्या महिन्यात इन्स्पेक्शनसाठी सगळ्या गाड्या आम्हीच रंगवल्या होत्या. म्हणजे चीर तेव्हाच होती. आम्ही तिच्यावरून ब्रश फिरवला होता. पुढे ती वाढत गेली. वजन पडलं की दांडा लवायचा आणि चाक तिरपं व्हायचं. रिकाम्या गाडीत ते दिसणार कुठून?

आमच्या वर्कशॉपचे प्रमुख सुबेदार साहेब माझ्या मागे उभे होते. त्यांनीही पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, "टक्कर में टूटा है. रायडर तेज़ था. दो महीने में तेरा प्रमोशन है." ते वाईट माणूस नव्हते. मला वाचवत होते.

दोन दिवसांनी रामटेकेचे वडील त्याची ट्रंक न्यायला आले. गळ्याशी बटण लावलेला पांढरा सदरा, हातात टोपी. ते सगळ्यांना एकच विचारत होते. मलाही विचारलं.

"साहेब, माह्या पोराची चुकी होती का जी?"

"चौकशी होऊन राहिली, बाबा," मी म्हणालो. मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत तीन अधिकारी बसले होते. मी तुटलेला दांडा टेबलावर ठेवला.

"यह कब टूटा, हवालदार?"

"आधा पहले से टूटा था, साहब. रंग के नीचे."

"रायडर ने रिपोर्ट किया था?"

"जी साहब. सोमवार, आठ दस."

"लोड के साथ टेस्ट किया?"

"नहीं, साहब."

सुबेदार साहेब खिडकीबाहेर पाहत होते. रामटेकेवर ठपका आला नाही. तो माझ्यावर आला, आणि यायलाच हवा होता. मी हवालदार म्हणूनच घरी आलो.

निकाल लागल्यावर मी सक्करदऱ्याला गेलो. त्याच्या वडिलांसमोर बसून सगळं सांगितलं, माझी सहीसुद्धा. रामटेकेची आई दाराशी उभी होती. वडिलांनी एवढंच विचारलं.

"म्हणजे त्यानं तुमाले सांगतलं होतं?"

"सांगितलं होतं, बाबा."

"तो खोटं नाही बोलायचा जी," ते म्हणाले. आणि आईला म्हणाले, "साहेबासाठी पाणी आन वं."

ते पाणी मी प्यायलो. कसं प्यायलो ते माझं मला माहीत.

आता नागपुरातच माझं छोटं गॅरेज आहे. गाडी एका बाजूला ओढते म्हणून लोक येतात, आणि शहाणे लोक आधी सामान उतरवून येतात. मी त्यांना परत पाठवतो. दूधवाल्याला म्हणतो, कॅन लावून ये. नवऱ्याला म्हणतो, बायकोला मागे बसवून आण. लोक वैतागतात, म्हातारा सटकला म्हणतात. म्हणू देत. लान्स नायक रामटेके मला म्हणाला होता, पेटी लावून एक चक्कर मारून पाहा. मी आता मारतो.